पालकांचे प्रश्न, बाईंची उत्तरं : आधी वेळापत्रक बघा

मागच्या अंकात मी स्वतंत्र मराठी प्राथमिक शाळांबद्दल लिहिलं होतं. सरकारी अनुदान न घेता फी आणि देणग्यांवर चालणाऱ्या, स्वतःची पद्धत बसवू पाहणाऱ्या या छोट्या शाळा. अशाच एका शाळेत मी २७ वर्षं पहिली ते चौथीला शिकवलं. त्या लेखावर बरीच पत्रं आली. सगळ्यांना इथे उत्तर देणं शक्य नाही, म्हणून पुन्हापुन्हा विचारले गेलेले पाच प्रश्न घेते.

“माझी मुलगी मराठी माध्यमाच्या स्वयंअर्थसहाय्यित शाळेत दुसरीत आहे. तिथे चाचण्या नाहीत, नंबर नाहीत, गृहपाठ नाही. प्रगतिपुस्तकाऐवजी चार पानी पत्र येतं. शेजारची तिच्याच वयाची मुलगी शंभरपर्यंत धडाधड लिहिते. आमची ‘पंचवीस’ सांगितलं की ५२ लिहिते. घरातले सगळे म्हणतात, पोरीचं नुकसान करताय. ताई, मूल शिकतंय हे मी ओळखू कसं?” — एक आई, सातारा

ताई, आधी त्या ५२ बद्दल बोलू, कारण त्यात तुमच्या मुलीचा काही दोष नाही. आपण ‘पंचवीस’ म्हणतो तेव्हा पाच आधी बोलतो आणि वीस नंतर. लिहिताना मात्र दोन आधी लिहितो. जे मूल कानानं ऐकून प्रामाणिकपणे लिहितं, ते ५२ च लिहिणार! ‘एकोण’चं प्रकरण तर याहून अवघड. एकोणतीस शिकवताना माझ्या वर्गातल्या एका मुलानं दहा-दहा काड्यांचे दोन गठ्ठे आणि सुट्या नऊ काड्या समोर मांडल्या. कितीतरी वेळ तो त्यांच्याकडे बघत बसला आणि मग म्हणाला, “बाई, अजून तीस झालेच नाहीत. मग तीस कशाला म्हणायचं?” त्याचं बरोबर होतं. मी त्याला आणखी एक काडी दिली, दहा सुट्यांचा गठ्ठा बांधायला लावला आणि मग ती एक काढून घेतली. “एक उणे तीस,” मी म्हटलं. त्यानं ते तोंडातल्या तोंडात तीन-चारदा म्हणून पाहिलं. त्यानंतर एकोणचाळीस आणि एकोणपन्नास मला त्याला शिकवावे लागले नाहीत.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस पाच’ अशी वाचनाची पद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, आठवत असेल. गणितज्ञ मंगला नारळीकर त्या गणित समितीच्या अध्यक्ष होत्या. मराठी बुडाली, असं लोक म्हणाले. मुलांना संख्येची घडण कळावी, एवढाच त्यामागचा हेतू होता. आम्ही शाळेत दोन्ही म्हणायचो, आधी ‘वीस आणि पाच’, मग ‘पंचवीस’. महिन्या-दोन महिन्यांत उलटापालट थांबायची. घरी काड्या नसतील तर दहाची नाणी आणि रुपयाची नाणी घ्या. ‘पंचवीस रुपये दे’ म्हणा आणि काय होतं ते बघा. तिनं दहाची दोन आणि रुपयाची पाच नाणी उचलली, तर गणित तिला कळलंय. लिहिणं मागून येईल. शेजारची मुलगी शंभरपर्यंत लिहिते हे छानच आहे, पण तिलाही एकदा नाणी उचलायला सांगा.

आता परीक्षेचं. परीक्षा नाही म्हणजे मूल्यमापन नाही, असं नव्हे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आणलं आणि महाराष्ट्रात ते २०१० पासून सुरू झालं. आकारिक म्हणजे शिकता शिकता होणारं, संकलित म्हणजे सत्राअखेरचं. तुमच्या शाळेला हे दोन्ही करावंच लागतं. ते नीट होतंय का, हे त्या चार पानी पत्रावरून कळेल. पत्रात ‘हस्ताक्षर सुधारण्यास वाव आहे’, ‘उपक्रमात सहभागी होते’ असलीच वाक्यं असतील, तर ती वर्णनात्मक नोंदींच्या बाजारी पुस्तकातून उतरवलेली आहेत. मूल कुणाचंही असो, नोंद तीच. पण ‘गोष्ट सांगताना मधला भाग गाळते, शेवट मात्र स्वतःचा करते’ असं काही लिहिलेलं असेल, तर बाईंनी तुमच्या मुलीकडे खरोखर पाहिलंय.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगते. ‘प्रत्येक मूल आपल्या गतीनं शिकतं’ हे वाक्य खरं आहे, पण त्याच्या आड शाळा लपू शकते. मीही एकदा त्याच्या आड राहिले होते. एक मुलगा दुसरीच्या शेवटीही जोडून वाचत नव्हता. चित्रं सुंदर काढायचा, बोलका होता. मी म्हणत राहिले, येईल हळूहळू. तिसरीच्या दिवाळीत त्याच्या आजीनं हात जोडून विचारलं, “बाई, याला वाचायला कधी येणार?” मग रोज वीस मिनिटं त्याला एकट्याला घेऊन बसले आणि पाच महिन्यांत तो वाचायला लागला. हे मी एक वर्ष आधी करू शकले असते. ते त्याचं वर्ष गेलं, याचं मला अजून वाईट वाटतं. म्हणून सांगते: दुसरीची दिवाळी झाली की मुलीला तिनं आधी न पाहिलेला मजकूर द्या. एसटीची पाटी, दुकानाचा फलक, लग्नपत्रिका, काहीही चालेल. अडखळत का होईना ती वाचून अर्थ सांगत असेल, तर घरच्यांना चहा पाजा आणि निर्धास्त राहा. नसेल तर बाईंना जाऊन भेटा, आणि ‘येईल हळूहळू’वर परत येऊ नका. पाचवीला आता वार्षिक परीक्षा आहे, त्यात कमी पडलं तर फेरपरीक्षा, आणि तरीही जमलं नाही तर त्याच वर्गात बसावं लागतं. तोपर्यंत थांबणं मुलावर अन्याय आहे.

“आम्ही पाच शिक्षकमित्र तालुक्याच्या गावी प्राथमिक शाळा सुरू करतोय. माहितीपत्रकासाठी ध्येयं लिहिली आहेत: सर्वांगीण विकास, आनंददायी शिक्षण, मूल्यसंस्कार, उद्याचा जबाबदार नागरिक. यावरून अभ्यासक्रम कसा आखायचा?” — एक शिक्षक, बीड जिल्हा

सर, या चारांतून अभ्यासक्रम आखता येणार नाही. ही ध्येयं वाईट नाहीत, पण कुठल्याही शाळेच्या भिंतीवर ती शोभून दिसतात. माझं म्हणणं सरळ आहे. ज्या ध्येयाला आठवड्याच्या वेळापत्रकात जागा नाही, ते शाळेचं ध्येय नव्हे. कायद्यानं पहिली ते पाचवीला वर्षाचे किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन हवं, म्हणजे दिवसाचे चार तास. त्या चार तासांत तुम्ही कशाला किती वेळ देता, हीच तुमची ध्येयं. ‘मूल निर्भयपणे बोलेल’ असं म्हणायचं असेल, तर ते कधी बोलेल ते ठरवा. आमच्याकडे रोज पहिला अर्धा तास सतरंजीवर गोल बसून गप्पांचा असायचा. त्यात बाई सगळ्यात कमी बोलणार, हा नियम. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, हा कोणता विषय? आम्ही म्हटलं, भाषा. आणि शिक्षण हक्क कायद्याचं कलम २९ दाखवलं. मुलानं भीती, दडपण, काळजी यांपासून मुक्त असावं आणि मोकळेपणानं मत मांडावं, हे त्यात स्पष्ट आहे.

ध्येयावरून वेळापत्रक कसं बदलतं, याचं माझ्या मते सर्वांत मोठं उदाहरण आपल्याच मातीतलं आहे. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक १९४५ मध्ये आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला आल्या आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्ये काम करताना त्यांना दिसलं की मुलं दिवसभर गुरं राखायला जातात. ती शाळेत येणार कधी? त्यांनी मुलांना दोष दिला नाही, पालकांना व्याख्यान दिलं नाही. शाळाच कुरणावर नेली. कुरणशाळा! गुरं चरतायत आणि मुलं शिकतायत. ‘प्रत्येक मूल शिकेल’ हे त्यांचं ध्येय होतं, म्हणून जागा बदलली, वेळ बदलली. तुमच्या गावात ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची मुलं असतील, तर त्यांच्यासाठी तुमचं वेळापत्रक काय करणार आहे, हे आधी लिहा. माहितीपत्रक नंतर छापा.

अभ्यासक्रमाबाबत एक गैरसमज दिसतो, तो दूर करते. तुम्ही अनुदान घेत नसलात तरी मान्यता लागतेच, आणि राज्याचा अभ्यासक्रम तुम्हालाही लागू आहे. कुठल्या इयत्तेअखेर काय यायला हवं, त्या अध्ययन निष्पत्ती ठरलेल्या आहेत. तुमचं स्वातंत्र्य तिथे कसं पोचायचं, यात आहे. ते थोडंथोडकं नाही.

एक उदाहरण देते. तिसरीला आम्ही चार आठवडे ‘आठवडी बाजार’ घ्यायचो. परिसर अभ्यास, गणित, भाषा सगळं त्यातच. पहिला आठवडा फक्त प्रश्न काढण्यात जायचा. तीस मुलं, पाच-पाचांचे गट. मग बाजार, तोही दोनदा, सकाळी आणि संध्याकाळी. एका वर्षी सकाळी वीस रुपयांना असलेली मेथीची जुडी संध्याकाळी दहाला होती. मुलांना हे पटेना. एकीनं भाजीवाल्या मावशींना विचारलं, “तुम्हाला तोटा नाही होत?” मावशी म्हणाल्या, “बाळा, उद्या ही पिवळी पडली की गाईपुढंच टाकायची. दहा आले ते आपले.” या एका वाक्यावर आमचे दोन आठवडे गेले. वर्गात तीन जुड्या आणल्या. एक उघडी ठेवली, एक ओल्या फडक्यात, एक प्लॅस्टिकच्या पिशवीत. रोज पानं बघायची, चित्र काढायचं, तारीख टाकायची. वीस जुड्या आणल्या, बारा वीसच्या भावानं गेल्या, सहा दहानं, दोन गाईला. मग मावशींना मिळाले किती? आणि त्यांनी त्या कितीला आणल्या होत्या, हे तर आपण विचारलंच नाही! म्हणून पुन्हा बाजार.

त्याच वर्गात एक मुलगा होता, वर्षभर ‘हो’ आणि ‘नाही’ एवढंच बोलणारा. त्याची आई बाजारात बसायची. वर्गात तागडी आणली त्या दिवशी तो आपणहून उठला आणि म्हणाला, “आधी पासंग बघायचा असतो.” रिकामी तागडी धरून दोन्ही पारडी समोरासमोर येतात का, ते त्यानं सगळ्यांना दाखवलं. एका बाजूला कागदाची घडी टाकून त्यानं ती बरोबर केली. मलाही ते ठाऊक नव्हतं. शेवटच्या आठवड्यात मुलांनी मावशींना आभाराचं पत्र लिहिलं. मावशींना वाचता येत नव्हतं, म्हणून एका मुलीनं गाळ्यावर उभं राहून ते मोठ्यानं वाचलं. त्या बाजारगर्दीत तिनं एकही ओळ गाळली नाही. लिहिलेलं कुणासाठी तरी असतं, हे त्या दिवशी तिला कळलं. धड्याखालचे दहा प्रश्न सोडवून ते मी कसं शिकवलं असतं?

शक्य असेल तर वर्षभर शाळा सुरू करू नका, आधी हिंडा. कोल्हापूरला लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये सुरू केलेलं सृजन आनंद विद्यालय बघा, पुण्यात अक्षरनंदन बघा. फलटणला कमला निंबकर बालभवन आहे. मराठीचा अभ्यास करायला अमेरिकेतून आलेल्या आणि इथल्याच झालेल्या मॅक्सीन बर्नसन यांनी ते उभं केलं. गावातल्या सगळ्या थरांतली मुलं एका बाकावर बसून वाचायला शिकली पाहिजेत, हा त्यांचा ध्यास. बाराखडी पाठ होईपर्यंत मुलाला शब्दाची वाट बघायला लावायची नाही, हे मी अशाच शाळांकडून शिकले. क, म, ल, र आणि काना, एवढ्यावर पहिलीतलं मूल पहिल्या महिन्यात ‘काम’, ‘मका’, ‘मला’, ‘माल’ वाचतं. स्वतःच्या शेतातला ‘मका’ फळ्यावर वाचणाऱ्या मुलाचा चेहरा तुम्ही अजून पाहिला नसेल, तर तो पाहायला तरी पहिलीचा वर्ग घ्या.

“नातू चौथीत. अजून त्याला सतरा, एकोणीसचे पाढे येत नाहीत. आम्हाला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी सगळं तोंडपाठ होतं. तुमच्या नव्या शाळा पाठांतराला का घाबरतात?” — एक आजोबा, सांगली

आजोबा, नमस्कार. तुमची तक्रार अर्धी मला मान्य आहे. पाढे पाठ हवेतच. गुणाकार करताना दर वेळी सात आठं बोटांवर मोजणाऱ्या मुलाचं डोकं तिथेच दमतं, पुढच्या विचाराला उरत नाही. आम्ही दहापर्यंतचे पाढे पाठ करून घेतच होतो, फक्त आधी मुलं ते स्वतः बनवायची. चिंचोके मांडून, चौकटी रंगवून सातचा पाढा बनवलेलं मूल मध्येच विसरलं तर सात पाचं पस्तीसवरून सात मिळवून पुढे जातं. नुसतं घोकलेलं मूल सात एके सातपासून परत सुरू करतं. एकोणीसच्या पाढ्याचा मात्र मी आग्रह धरणार नाही. विसातून एक कमी, हे त्याला जमतं का तेवढं बघा.

आणि दिडकीचं, म्हणजे दीडच्या पाढ्याचं म्हणाल, तर ती तुम्हीच शिकवा. घरी दीड किलो साखर आणली की भाव सांगून त्याला हिशेब विचारा. शाळेत आम्ही आजी-आजोबांना त्यासाठीच बोलवायचो. एक आजी अडीचकी म्हणायला लागल्या तेव्हा तिसरीचा अख्खा वर्ग आ वासून ऐकत होता.

“शाळा चांगली आहे, पण पहिली-दुसरीत इंग्रजी फक्त गाणी-गोष्टींतून. सेमी इंग्रजी नाही. पुढे मूल मागे पडणार नाही ना?” — एक वडील, ठाणे

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी विषय आहे. तो कसा शिकवायचा, एवढाच प्रश्न. घरी इंग्रजी अजिबात न ऐकणाऱ्या मुलाला पहिल्या दिवशी ए, बी, सी गिरवायला लावणं म्हणजे पाण्यात न उतरवता पोहायला शिकवणं. दोन वर्षं त्याला भरपूर ऐकू द्या, सूचना समजू द्या, छोटी वाक्यं बोलू द्या. मराठी वाचन पक्कं झालं की इंग्रजी वाचन लवकर येतं. हे मी वर्षानुवर्षं बघितलं आहे. मात्र ‘गाणी-गोष्टी’ रोज होतात का, की शुक्रवारी शेवटच्या तासाला, हे विचारा. आठवड्यातून एकदा असेल तर तुमची काळजी बरोबर आहे.

चौथीपर्यंत गणित इंग्रजीतून नको, असं माझं ठाम मत आहे. ‘उरले किती’ आणि ‘जास्त किती’ यातला फरक मूल स्वतःच्या भाषेतच पकडतं.

“एका नावाजलेल्या शाळेनं प्रवेशाआधी आमची दोघांची मुलाखत घेतली, मुलीला चित्रं ओळखायला लावली आणि नंतर नकार कळवला. हे बरोबर आहे का?” — एक आई, नाशिक

नाही. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १३ अशा चाळणीला मनाई करतं, मग ती मुलाची असो की आई-वडिलांची. अर्ज जागांपेक्षा जास्त आले तर सोडत काढावी. चांगल्या हेतूच्या शाळाही ‘आमची पद्धत पालकांना पटायला हवी’ म्हणून मुलाखत घेतात. ती कळकळ मी समजू शकते. पण पटवणं शाळेचं काम आहे. पालकसभा घ्यावी, सगळं मोकळेपणानं सांगावं आणि मग चिठ्ठ्या टाकाव्यात. आम्ही तसंच करायचो, आणि चिठ्ठीतून आलेले, सुरुवातीला कुरकुरणारे पालक पुढे आमचे सर्वांत भक्कम पालक झाले. तुम्ही गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, किंवा महापालिका हद्दीत असाल तर महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे, लेखी तक्रार करू शकता. अर्जाची पोच ठेवा.

दुसरी शाळा बघायला जाल तेव्हा मान्यतेचं पत्र आणि ११ अंकी यूडायस क्रमांक, म्हणजे शाळेचा सरकारी नोंदीतला क्रमांक, विचारायला संकोचू नका. तिसरीचं गेल्या आठवड्याचं वेळापत्रक मागा, छापलेलं नको, प्रत्यक्षात झालेलं. आणि पुस्तकांच्या कपाटाला कुलूप असेल, तर किल्ली कुणाकडे असते ते एखाद्या मुलाला विचारा.